आठ जणांचं चायनीज दहा मिनिटांत कसं येतं?

दुपारी एकच्या सुमारास नारायण पेठेतल्या एखाद्या छोट्या चायनीज हॉटेलात जाऊन बसावं. केळकर रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत, नाहीतर जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर अशी जागा सापडते. चार-पाच टेबलं, भिंतीवर पंखा, दर्शनी भागातच भट्टी. अभ्यासिकेतून जेवायला सुटलेली आठ मुलं-मुली दोन टेबलं जोडून बसतात आणि ऑर्डर सुटते. चार मंचाव, वन बाय टू. दोन व्हेज हक्का, एक शेजवान राइस, एक ट्रिपल, दोन मंचुरियन ग्रेव्ही, एक पनीर चिली ड्राय, एक अमेरिकन चॉप्सी. दहा-बारा मिनिटांत टेबल भरायला लागतं आणि बिल वाटून घेतलं तर माणशी एका साध्या थाळीच्या आसपास बसतं.

हेच घरी करायला घेतलं तर चौघांच्या फ्राइड राइसलाही तास जातो. भाज्या चिरण्यात अर्धा तास, मग भात चिकटतो, कोबीला पाणी सुटतं आणि शेवटी जे ताटात येतं त्याला तो वास काही येत नाही. तांदूळ बाजारातला तोच, सोया सॉसची बाटलीही तीच. मग फरक नेमका कुठे पडतो?

फरक पडतो कामाच्या वाटणीत. वेळ खाणारी सगळी कामं गिऱ्हाईक यायच्या आधी उरकलेली असतात आणि गिऱ्हाईक आल्यावर करायची फक्त तीच उरतात, जी प्रचंड आचेवर दोन मिनिटांत होतात. स्वस्त आणि झटपट म्हटलं की आपण निष्काळजीपणा गृहीत धरतो. इथे गोष्ट उलटी आहे. इतकी विचारपूर्वक बसवलेली स्वयंपाकाची पद्धत आपल्या गल्लीत चालते आणि आपण तिच्याकडे नीट पाहतही नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

सत्तर नावं, पंधरा-वीस डबे

मेन्यू कार्डावर साठ-सत्तर पदार्थ असतात. कारागिरासमोरचे डबे मोजले तर पंधरा-वीसच भरतात. बारीक चिरलेलं आलं-लसूण, हिरवी मिरची, कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात. सोया सॉस, व्हिनेगर, लाल मिरचीची शेजवान चटणी, टोमॅटो केचप, मीठ, मिरपूड, अजिनोमोटो. आणि पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. बाजूला शिजवून गार केलेला भात, उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स, तळून ठेवलेले मंचुरियनचे गोळे, पनीरचे तुकडे.

मुख्य वस्तू पाच धरा. चवी पाच धरा: मंचुरियन, शेजवान, चिली, हॉट गार्लिक, स्वीट अँड सावर. त्यांचे ड्राय आणि ग्रेव्ही असे दोन प्रकार. पाच गुणिले पाच गुणिले दोन म्हणजे पन्नास नावं, आणि अजून सूप मोजायची राहिली. नारायण पेठेला हे समजायला अवघड जाऊ नये. केसरीवाड्याची ही पेठ छापखान्यांची आणि पुस्तकांची. इथले जुळारी एका पेटीच्या खणांतून खिळे उचलून अख्खी पुस्तकं जुळवायचे. त्यांची सगळी मदार खिळा कोणत्या खणात आहे हे हाताला पाठ असण्यावर असे. भट्टीपुढच्या कारागिराचा पळा त्याच सवयीनं डब्याकडे जातो. तो चमचे मोजत नाही. पळ्याचं टोक सोयामध्ये किती बुडवायचं, हेच त्याचं माप.

स्वस्ताईचं मोठं कारणही या डब्यांतच आहे. एकच कोबी सुपात जातो, नूडल्समध्ये जातो आणि किसून गोळ्यांतही जातो. त्यामुळे उरतं फारसं काही नाही. शिवाय वस्तू मोजक्या असल्या की त्या मोठ्या प्रमाणात, आणि म्हणून स्वस्तात, घेता येतात.

भात गार का हवा?

फोडणीचा भात करणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे की ताज्या, वाफाळत्या भाताला फोडणी दिली की लगदा होतो आणि रात्रीचा भात सुटा-सुटा परततो. याचं कारण तांदळातल्या पिठूळ द्रव्यात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे.

स्टार्चचे दोन प्रकारचे रेणू असतात. एक लांब आणि सरळ, ॲमायलोज. दुसरा फांद्या फुटलेला, ॲमायलोपेक्टिन. तांदूळ शिजतो तेव्हा दाण्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, रेणू मोकळे होतात आणि दाण्याचा पृष्ठभाग चिकट बनतो. भात गार झाला की हेच रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून रांगेत बसू लागतात. दाणा आतून घट्ट होतो आणि बाहेरचं पाणी उडून गेल्यामुळे वरून कोरडा पडतो. असा दाणा कढईत उडवला तरी मोडत नाही. ॲमायलोज जास्त असलेला लांब दाण्याचा तांदूळ लवकर आणि जास्त घट्ट होतो. म्हणून चायनीजवाले आंबेमोहोराच्या वाटेला जात नाहीत. आंबेमोहोर मऊ आणि चिकट होतो. वरण-तूप कालवायला तोच गुण लागतो, कढईत उडवायला मात्र तो अडचणीचा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात खोलीच्या उष्णतेत तासन्तास पडून राहिला तर ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा परतून नष्ट होत नाही, भट्टी कितीही मोठी असली तरी. त्यामुळे भात गार हवा याचा अर्थ तो पसरून लवकर गार केलेला आणि फ्रिजमध्ये, ५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवलेला हवा. चांगल्या हॉटेलात भाताचं पातेलं दुपारभर भट्टीशेजारी उघडं दिसत नाही. टेबलावर बसण्याआधी माझं लक्ष तिकडे जातं.

भट्टी: सगळी लढाई पाण्याशी

घरच्या चायनीजला तो वास का येत नाही, याचं उत्तर एका आकड्यात सापडतं. एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवर असताना त्याची वाफ करायला लागते सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक. कोबी, ढोबळी मिरची आणि कांद्याची पात यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. भाजी तापली की ते बाहेर पडतं, आणि जोवर कढईत पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. या उष्णतेत भाजी शिजते, पण भाजली जात नाही. खमंगपणा येतो तो १४० अंशांच्या पुढे, जेव्हा साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन शेकडो वासाची द्रव्यं तयार होतात. चपातीवरचे डाग, भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा, सगळीकडे हीच क्रिया असते. तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात.

आता हिशेब करू. कढईतल्या भाज्यांमधून २०० ग्रॅम पाणी सुटलं असं धरा. ते उडवायला सुमारे ४५० किलोज्यूल हवेत. घरच्या मोठ्या बर्नरमधून भांड्यापर्यंत प्रत्यक्षात दीड किलोवॉट उष्णता पोचते असं मानलं, तर पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कोबी लिबलिबीत होतो. हॉटेलच्या हाय प्रेशर भट्टीची आच दहापट धरली, तर हेच काम अर्ध्या मिनिटात होतं. पाणी सुटताक्षणी उडतं, कढई तापलेलीच राहते, आणि भाजी आतून करकरीत, बाहेरून भाजलेली निघते. भट्टी सुरू झाली की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, तो आवाज दाबानं सुटणाऱ्या गॅसचा आणि त्याच्या ज्योतीचा असतो.

एवढ्या आचेवर भात जळत का नाही? कारण तो कढईत टिकतच नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या हंग-टांग को आणि डेव्हिड हू या दोघांनी चिनी आचाऱ्यांच्या हालचालींचं चित्रण करून त्याचं गणित मांडलं. ते २०२० साली प्रसिद्ध झालं. आचारी कढई पुढे-मागे सरकवतो आणि त्याच वेळी भट्टीच्या कडेवर टेकवून ती वर-खाली झुकवतो. हे सेकंदाला जवळजवळ तीन वेळा होतं. दाणा क्षणभर तापल्या लोखंडाला लागतो, उडतो, हवेत थोडा निवतो, पुन्हा पडतो. उडताना तेलाचे बारीक थेंब ज्योतीत सापडून पेटतात आणि त्यांचा धुरकट वास खाली पडणाऱ्या भातात मुरतो. कँटोनीज स्वयंपाकात या वासाला वोक हेइ म्हणतात आणि उत्तम आचाऱ्याची पारख त्यावरून करतात. या अभ्यासामागचं एक कारण आचाऱ्यांची खांदेदुखी हे होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्यासमोरची प्लेट कुणाच्या तरी खांद्यावरून आलेली असते.

यावरून एक नियम निघतो: एका वेळी थोडंच. कढईत जास्त माल टाकला की पाणी जास्त सुटतं आणि भट्टीची आचही पुरी पडत नाही. म्हणून कारागीर एका घाण्यात एक-दोन प्लेटीच करतो. एका घाण्याला दोन मिनिटं धरली आणि भट्ट्या दोन असल्या, तर आठ प्लेटींना आठ मिनिटं. त्यात सूप देण्याची दोन-तीन मिनिटं मिळवा. दहा-बारा मिनिटांचं कोडं इथे सुटतं. प्लेटी एकदम न येता एकामागून एक का येतात, तेही यातूनच कळतं. सूप आधी देण्याची पद्धतही सोयीची आहे. सूप मोठ्या पातेल्यात जवळजवळ तयार असतं, आणि आठ जण चमचे हलवत असताना भट्टी मोकळी राहते.

गोळा, गुळगुळीत रस्सा आणि लाल रंग

व्हेज मंचुरियनच्या गोळ्यात किसलेला कोबी, गाजर, थोडा मैदा आणि कॉर्नफ्लोअर असतं. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर या नावानं मिळणारं पांढरं पीठ म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. गव्हाच्या पिठात ग्लुटेन हे प्रथिन असतं आणि ते ताणलं जाऊन चिवट होतं. कॉर्नफ्लोअरमध्ये ते नाही, म्हणून त्याचं आवरण कुरकुरीत होतं.

गोळे सकाळी एकदा मध्यम आचेवर तळतात. बाजूला ठेवल्यावर आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येतो आणि गोळा मऊ पडतो. ऑर्डर आल्यावर तो पुन्हा कडक तेलात सोडतात, बाहेरचा ओलावा निघून जातो आणि पापुद्रा पहिल्यापेक्षा जास्त कुरकुरीत होतो. इथेही तीच वाटणी आहे. सावकाश होणारं तळण आधी, झटक्याचं नंतर.

रस्सा दाट आणि चकचकीत होतो तोही कॉर्नफ्लोअरमुळे. ते थंड पाण्यात कालवून उकळत्या रश्श्यात घालतात. साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि अर्ध्या मिनिटात रस्सा दाटतो. आपल्या भाज्यांना दाटपणा यायला कांदा, खोबरं, दाण्याचं कूट, डाळीचं पीठ लागतं आणि बराच वेळ शिजवावं लागतं. कॉर्नफ्लोअरनं तो सगळा वेळ वाचवला. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलं तर बाहेरचा थर लगेच फुगून आतलं पीठ कोरडं राहतं, म्हणूनच गुठळ्या होतात. पार्सलचं मंचुरियन दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं, कारण गार होताना स्टार्चचे रेणू परत जवळ येऊन धरलेलं पाणी बाहेर ढकलतात. भाताला घट्ट करणारी क्रिया ती हीच.

गोळ्याच्या रंगाकडे मात्र डोळसपणे पाहावं. सोया आणि मिरचीतून येणारा रंग तपकिरी-लाल असतो. भडक लाल आला तर तो बाहेरून घातलेला असतो. २०२४ साली गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेनं बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मनाई केली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. हा पदार्थाचा दोष नव्हे. रंगाशिवाय तो उत्तम होतो, आणि रंग नको असं ऑर्डर देतानाच सांगता येतं.

हे आलं कुठून?

अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टाँग अछू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये बजबजजवळ उतरला. त्यानं उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना सुरू केला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. त्याच्या मागून येणारे चिनी लोक कोलकात्यात स्थिरावले. कँटोनीज सुतारकाम करायचे, हूबेईकडचे दाताचे वैद्य होते, आणि हक्का समाजानं टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. मेन्यूवरच्या हक्का नूडल्सचं नाव या समाजावरून आलेलं आहे.

१९६२च्या युद्धानंतर या लोकांवर मोठं संकट कोसळलं. सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत स्थानबद्ध केलं गेलं. त्यातले अनेक पिढ्यान्‌पिढ्या भारतातच राहत होते. पुढे बरेच जण देश सोडून गेले. त्यांतले कित्येक कॅनडात टोरोंटोला स्थायिक झाले, आणि तिथे हक्का चायनीज या नावानं चालणाऱ्या हॉटेलांत आज भारतीय कुटुंबं चिली चिकन खायला जातात. मागे राहिलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या आदेशामुळे कोलकात्याबाहेर कारखाने हलवावे लागले, आणि टांगरा कातड्यापेक्षा जेवणासाठी ओळखलं जाऊ लागलं.

मंचुरियनचा जन्म मात्र मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग १९७०च्या दशकात मुंबईत आले. त्यांच्या सांगण्यानुसार १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकानं मेन्यूत नसलेलं काहीतरी मागितलं. वाँग यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची अशी भारतीय सुरुवात केली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि तळलेल्या चिकनला कॉर्नफ्लोअरचा रस्सा दिला. ईशान्य चीनमधल्या मांचुरियाशी या पदार्थाचा काही संबंध नाही. पुढे चिकनच्या जागी कोबीचा गोळा आला आणि शाकाहारी पेठांचे दरवाजे चायनीजला उघडले. हे मला वाँग यांच्या शोधाइतकंच मोठं पाऊल वाटतं, आणि ते कुणी टाकलं याची कुठे नोंद नाही. गाडीवरच्या कुणा कारागिरानं ते टाकलं असणार. भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एका प्लेटीत देणारा ट्रिपल राइस आणि चायनीज भेळ हीसुद्धा गाड्यांवरची निर्मिती.

जवळजवळ हीच कथा अमेरिकेतही घडली. १८४८ नंतर सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेले चिनी मजूर प्रामुख्यानं ग्वांगदाँग प्रांतातले होते. १८८२च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेचे दरवाजे बंद झाले, पण व्यापाऱ्यांना सूट राहिली. १९१५ साली न्यायालयीन निर्णयानं हॉटेलमालकांनाही व्यापारी मानलं गेलं, आणि चिनी कुटुंबांनी पैसे जमवून हॉटेलं काढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक गोरं होतं, म्हणून चव गोड झाली, हाडं गेली, रस्सा वाढला. तिथल्या प्रत्येक वस्तीत दुपारी स्वस्त लंच स्पेशल देणारं एक चिनी हॉटेल आढळतं, आणि त्याच्या मागच्या खोलीतही हेच डबे, हीच भट्टी, हीच वाटणी असते.

आपल्या टेबलावरची अमेरिकन चॉप्सी मात्र अमेरिकेत मिळायची नाही. कुरकुरीत तळलेल्या नूडल्सवर आंबट-गोड लाल रस्सा आणि मांसाहारी प्रकारात वर तळलेलं अंडं, हे रूप भारतातलं. अमेरिकेच्या ईशान्य भागात याच नावानं मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो यांचा एक घरगुती पदार्थ करतात. दोघांचं नातं नावापुरतंच.

शेजवानचा कोकणातला भाऊ

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या गोल्डन ड्रॅगननं १९७०च्या दशकात सिचुआन, म्हणजे आपण ज्याला शेजवान म्हणतो त्या प्रांताचं तिखट जेवण आपल्याकडे आणलं. तिथल्या मूळ चवीचे दोन खांब आहेत: लाल मिरची, आणि जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी. ती खरं तर मिरीच नव्हे, लिंबाच्या कुळातल्या एका झाडाच्या फळाची साल आहे. तिच्यातलं सॅनशूल नावाचं द्रव्य स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ती लोकांच्या ओठांवर लावून पाहिली, तर त्यांना सेकंदाला सुमारे ५० वेळा कंप होत असल्याचा भास झाला.

नारायण पेठेच्या शेजवान चटणीत ही मिरी जवळजवळ कधीच नसते. लाल मिरची, भरपूर लसूण, तेल, व्हिनेगर, साखर एवढ्यावर ती उभी आहे. आश्चर्य असं की सिचुआन मिरीचं सख्खं भावंड आपल्याच कोकणात आणि गोव्यात आहे: तिरफळ. दोन्ही झाडं झँथोक्सायलम या एकाच वनस्पतीगटातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं की जीभ जी झिणझिणते, ती याच कारणानं. सालच वापरायची आणि बी टाकून द्यायची, ही रीतही दोन्हीकडे सारखी. पुण्यातल्या एखाद्या कारागिरानं शेजवान चटणीत भाजलेलं तिरफळ कुटून घालावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती चव सिचुआनच्या जास्त जवळ जाईल आणि मालवणच्याही.

अजिनोमोटोचं काय?

१९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी अजिनोमोटो या नावानं ते बाजारात आलं. ग्लुटामेट टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, आईच्या दुधातही असतं.

भीती सुरू झाली १९६८ साली. एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरनं पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. त्यानं तीन-चार शक्यता मांडल्या होत्या, पण लोकांच्या मनात एकच राहिली. पुढे कुणाला ग्लुटामेट दिलं आहे आणि कुणाला नाही, हे खाणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही कळू न देता प्रयोग झाले. जेवणात येणाऱ्या प्रमाणात त्रास सातत्यानं दिसला नाही. जेवल्यावर जी तहान लागते तिचा मुख्य संशय मिठावर घ्यायला हवा. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब असलेल्यानं अजिनोमोटोपेक्षा सोयाची चौकशी करावी.

चौकट: आठ जणांची ऑर्डर देताना

आठ वेगळ्या चवी मागितल्या तर आठ घाणे होतात. चार चवी, प्रत्येकी दोन प्लेटी मागितल्या तर घाणे निम्मे, आणि टेबल लवकर भरतं.
ड्राय पदार्थ आधी मागवावा आणि आल्याबरोबर संपवावा. वाफेनं त्याचा पापुद्रा पाच-दहा मिनिटांत मऊ पडतो.
सूप वन बाय टू पुरतं. पुढे भात आणि नूडल्स असतात, पोट आधी भरू नये.
तिखट, रंग, लसूण यांबद्दल आधीच सांगावं. कढई उतरल्यावर काही बदलता येत नाही.
उरलेला भात पार्सल केला तर घरी गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.

बिल आणि टीटीएमएम

जेवण संपतं, बिल येतं आणि पुण्यातला जुना प्रश्न उभा राहतो: समान वाटायचं, की तुझं तू, माझं मी? अर्थशास्त्रज्ञांनी याचाही प्रयोग केला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इस्रायलमध्ये सहा-सहा जणांचे गट हॉटेलात जेवायला बसवले. ज्यानं त्यानं आपापलं बिल भरायचं होतं, तिथे माणशी सरासरी ३७ शेकेल खर्च झाला. बिल समान वाटायचं ठरलं होतं तिथे ५१ शेकेल. आणि बिल दुसरंच कुणी भरणार होतं तिथे ८२. समान वाटणीत महाग पदार्थाचा फक्त सहावा हिस्सा आपल्या खिशातून जातो, म्हणून प्रत्येक जण जरा जास्त मागवतो, आणि शेवटी सगळ्यांनाच जास्त भरावं लागतं. त्या गटांतली माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. रोज एकाच अभ्यासिकेत बसणाऱ्यांना एकमेकांची लाज असते आणि खिशाचा अंदाजही असतो.

चायनीजचं टेबल त्या प्रयोगापेक्षा आणखी एका बाबतीत वेगळं आहे. इथे प्लेटी मधोमध ठेवल्या जातात. ट्रिपल राइस कुणी मागवला तरी तो आठही जण खातात, त्यामुळे तुझं तू करायला गेलं तर कुणी किती चमचे घेतले हे मोजावं लागेल. पेठांतल्या मुलांनी यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात पटतो. माणशी किती घालायचे ते बसतानाच ठरतं, पैसे आधी एकाकडे जमा होतात आणि ऑर्डर तोच एकटा देतो. जास्त मागवण्याचा मोह प्रत्येकाच्या मनात असला तरी हात एकाचाच असतो, आणि त्या हातात आकडा आधीच ठरलेला असतो. चार पैसे उरले तर ते पुढच्या महिन्याच्या जेवणात जमा धरतात.